पारा चाळिशीच्या आत, तरी उष्माघात कसा?

१९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्या फलोदीत पारा ५१ अंशांवर गेला. भारतातला तो आजवरचा उच्चांक. उलट १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, तेव्हा त्या परिसरात पारा चाळिशीच्या आतच होता. तरीही त्या दिवशीच्या उन्हाने १४ माणसं दगावली.

बहुतेकांना हे कोडं पडतं. विदर्भातली माणसं ४५ अंशांत बाजारहाट करतात, मग मुंबईच्या आसपास ३८ अंशांत माणूस मरतो कसा? मुंबईकर नाजूक असतात, हे त्याचं उत्तर नाही. बातमीत येणारा आकडा सावलीतल्या हवेचा असतो आणि आपल्या शरीराचं भागतं की नाही हे ठरवणाऱ्या चार गोष्टींपैकी ती फक्त एक गोष्ट असते. उरलेल्या तीन म्हणजे हवेतला दमटपणा, अंगावर पडणारं थेट ऊन आणि वारा. आणि या चौघांनी दिवसभर केलेलं नुकसान रात्री भरून निघालं की नाही, तेही पाहावं लागतं.

शरीराचा जमाखर्च

निवांत बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॉट उष्णता तयार करत असतो. जुना पिवळा बल्ब आठवा, तेवढी. स्लॅबवर घमेली चढवणारा, ऊस तोडणारा किंवा सायकलरिक्षा ओढणारा माणूस चार-पाच बल्बांइतकी उष्णता तयार करतो, कारण स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव कामी येते आणि बाकीची उष्णता होऊन बसते. ही उष्णता बाहेर पडायलाच हवी. शरीराच्या आतलं तापमान ३७ च्या आसपास राहावं लागतं आणि ४० ओलांडलं की मेंदू, यकृत, मूत्रपिंडं बिघडू लागतात.

उष्णता बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटा बंद झाल्या असं समजून हिशेब करू. सत्तर किलोचा माणूस नुसता बसून राहिला तर तासाला दीड अंशाने तापेल. तोच अंगमेहनतीचं काम करत असेल तर अर्ध्या तासात ३७ वरून ४० वर जाईल. उष्माघात इतक्या झपाट्याने का होतो आणि आजारी म्हाताऱ्यांबरोबर धडधाकट तरुण मजूरही का कोसळतात, ते यावरून कळेल.

आता खर्चाची बाजू. उन्हात कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा २५ अंशांची असेल तर अंगातली उष्णता आपोआप हवेत जाते. हवा ३५ वर पोचली की ही वाट बंद होते. ४२ झाली की वाट उलटी वाहू लागते, म्हणजे हवाच आपल्याला तापवते. शिवाय भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट ओतत असतं. अशा वेळी शरीराकडे एकच मार्ग उरतो, तो घामाचा.

घाम मात्र नुसता आल्याने गारवा मिळत नाही. गारवा मिळतो तो घाम *वाळताना*. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर तो जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तासाला एक लिटर वाळला तर साडेसहाशे वॉटहून अधिक उष्णता निघून जाते आणि मेहनतीच्या कामालाही ती पुरते. पण तोच घाम हनुवटीवरून टपकला किंवा बनियनमधून पिळून काढावा लागला, तर पाणी गेलं, मीठ गेलं आणि गारवा काहीच मिळाला नाही. घामाच्या धारा लागल्या म्हणजे शरीर छान गार होतंय, ही समजूत उलटी आहे. धारा लागतात, कारण घाम वाळत नाहीये.

दोरीवरचे कपडे

घाम वाळेल की नाही, हे ओळखायची खूण प्रत्येक घरात आहे. मे महिन्यात अकोल्याला वाळत घातलेली जीन्स तासा-दोन तासांत कडकडीत होते. तीच जीन्स मुंबईत जुलैमध्ये दोन दिवस दमट राहते. हवेत बाष्प आधीच भरलेलं असेल तर नवं पाणी सामावायला जागा नसते. आपली कातडी ही त्या दोरीवरच्या कपड्यासारखीच आहे.

हीच गोष्ट शास्त्रज्ञ आकड्यात मोजतात. तापमापीच्या फुग्याभोवती ओलं मलमल गुंडाळायचं आणि त्यावरून वारा जाऊ द्यायचा. पाणी वाळतं तसा फुगा गार होतो आणि एका ठिकाणी पारा थांबतो. तो आकडा म्हणजे वेट बल्ब तापमान. त्या हवेत पाणी वाळवून जास्तीत जास्त किती गार होता येईल, याची ती सीमा. माठातलं पाणी, कूलरची हवा आणि घामेजलेलं अंग या तिघांनाही ती ओलांडता येत नाही.

आता तीन ठिकाणं शेजारी ठेवून पाहा. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के, म्हणजे विदर्भातली मे महिन्यातली दुपार. वेट बल्ब येतं २४ च्या आसपास. हवा ३७ अंश आणि आर्द्रता ५० टक्के, म्हणजे किनाऱ्यालगतचा तापलेला दिवस. वेट बल्ब २८. आणि हवा फक्त ३४ अंश पण आर्द्रता ७५ टक्के असेल तर वेट बल्ब थेट ३० वर जातं. पारा उतरत गेला, पण शरीराची सुटका होण्याची वाट मात्र अरुंद होत गेली.

वेट बल्ब ३५ वर गेलं आणि तासन्‌तास तिथेच राहिलं, तर सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसलेला निरोगी माणूसही जगू शकत नाही, असा हिशेब २०१० साली मांडला गेला. त्यानंतर अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर नियंत्रित खोलीत चाचण्या झाल्या. दमट हवेत, हलकी हालचाल करतानासुद्धा, शरीराचा तोल ३१ च्या आसपासच सुटू लागतो असं त्यात दिसलं. म्हाताऱ्यांची सीमा त्याहून खाली असते. कोकण, ओडिशा आणि आंध्रचा किनारा, बंगाल, तसंच पावसाळ्याच्या तोंडावरची गंगेच्या काठची मैदानं या भागांनी म्हणूनच पाऱ्याइतकीच आर्द्रतेवरही नजर ठेवायला हवी.

खेळाडू आणि सैनिक यांच्या सरावासाठी जगभर एक मिश्र मोजमाप वापरतात. त्यात वेट बल्बचं वजन ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाचं २० टक्के आणि आपण बातम्यांत ऐकतो त्या पाऱ्याचं वजन फक्त १० टक्के असतं.

मग ४५ अंशांचा कोरडा उन्हाळा बरा म्हणायचा का?

नाही. तो मारतो, पण वेगळ्या तऱ्हेने. कोरड्या हवेत घाम इतका चटकन वाळतो की तो आलेलाच कळत नाही. कपडे कोरडे, कपाळ कोरडं आणि अंगातून तासाला लिटरभर पाणी निघून गेलेलं. तहान नेहमी मागून येते. पाणी कमी झालं की रक्त आटतं आणि घाम तयार करायला कच्चा माल उरत नाही. मग हीच चांगली वाळवणारी हवा काही कामाची राहत नाही. थोडक्यात, दमट हवेत घाम वाळत नाही म्हणून माणूस मरतो आणि कोरड्या हवेत घाम संपतो म्हणून. कोरड्या हवेतला धोका पाणी आणि सावली यांनी बराचसा टाळता येतो. दमट हवेत कितीही पाणी प्यायलात तरी काम थांबवण्याला पर्याय नाही. हा फरक प्रत्येक मुकादमाला आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या आयोजकाला माहीत असलाच पाहिजे.

पारा ठेवलेला असतो कुठे?

हवामान केंद्रात तापमापी एका पांढऱ्या, चारी बाजूंनी झडपा असलेल्या लाकडी पेटीत असते. जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीवर, खाली गवत किंवा मोकळी माती. ऊन थेट लागत नाही आणि हवा खेळती राहते. ही रीत योग्य आहे, कारण प्रत्येक गावाने सारख्याच पद्धतीने मोजलं तरच तुलना करता येते. पण तुम्ही त्या पेटीत राहत नाही. डांबरी रस्त्यावर, पत्र्याच्या टपरीत किंवा इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाच्या अंगाला लागणारी उष्णता कितीतरी जास्त असते. मोबाइलवर दिसणारं ‘जाणवणारं तापमान’सुद्धा सावलीतलंच असतं. थेट उन्हात त्यात आठेक अंशांपर्यंत भर पडू शकते.

मोजमापात चूक झाली तर काय होतं, ते दिल्लीत दिसलं. २९ मे २०२४ रोजी मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने तपासणी केली तेव्हा तिथला सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता असं निघालं. फिरत्या फोटोतला गाडीच्या डॅशबोर्डवरचा ५४ आकडा तर सोडूनच द्या. तो तापलेल्या बॉनेटजवळच्या हवेचा असतो.

‘लाट’ कधी म्हणतात?

नुसतं फार गरम झालं म्हणून लाट जाहीर होत नाही. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० असावं लागतं, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३०. त्याशिवाय ते त्या तारखेच्या सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असावं लागतं. सरासरीच्या वर ६.४ हून अधिक गेलं तर तीव्र लाट. सरासरी कितीही असली तरी ४५ झाले की लाट आणि ४७ झाले की तीव्र लाट. हे एका हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस दिसलं की दुसऱ्या दिवशी घोषणा होते. म्हणजे घोषणा ऐकू येते तेव्हा तुम्ही एक दिवस आधीच भाजून निघालेले असता. म्हणून घोषणेपेक्षा पुढच्या दिवसांचा रंगीत इशारा पाहावा. पिवळा म्हणजे तुरळक ठिकाणी दोन दिवस लाट. नारिंगी म्हणजे दोन दिवस तीव्र लाट किंवा चार दिवस आणि त्याहून जास्त साधी लाट. लाल म्हणजे तीव्र लाट दोन दिवसांहून जास्त टिकेल किंवा लाटेचे एकूण दिवस सहाच्या वर जातील.

लाट येते कुठून? उंचावर हवेचा जास्त दाब काही दिवस ठाण मांडून बसतो आणि हवा खाली दाबली जाते. सायकलच्या पंपात हवा दाबली की नळी गरम लागते, तसंच इथे होतं. कोरडी हवा एक किलोमीटर खाली उतरली की सुमारे १० अंशांनी तापते. तापलेली हवा ढग होऊ देत नाही, ऊन निर्विघ्न पडतं, जमीन आणखी तापते. वायव्येकडून थरच्या वाळवंटावरून येणारी लू त्यात भर घालते आणि तीच झळ पुढे मध्य प्रदेश, विदर्भापर्यंत येते.

कोकणची गोष्ट निराळी आहे. तिथे सारं खाऱ्या वाऱ्यांवर अवलंबून असतं. जमीन तापली की दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पारा रोखला जातो. पण मार्च-एप्रिलमध्ये कधीकधी पूर्वेचे वारे जोर धरतात. घाटमाथ्यावरून खाली उतरताना ते तापतात आणि खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच अडवून धरतात. खारा वारा एरवीपेक्षा दोन-तीन तास उशिरा आला तरी मुंबई-रत्नागिरीचा पारा ३८-३९ वर जातो. मग संध्याकाळी तो आला की पारा उतरतो आणि आर्द्रता चढते. ‘ऊन उतरलं तरी जीव घाबरा का होतोय’ असं लोक म्हणतात, त्याचं कारण हे.

रात्र का महत्त्वाची?

तापलेल्या शरीरात हृदयावर फार ताण येतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं. कडक उकाड्यात एकट्या कातडीकडेच मिनिटाला सहा ते आठ लिटरपर्यंत रक्त धाडावं लागू शकतं, शिवाय बाकीचे अवयव आहेतच. घामाने पाणी कमी झालेलं असताना हा पंप तासन्‌तास असा पळत राहतो. त्याला विसावा मिळतो तो रात्री. रात्रीही खोलीत ३३-३४ अंश असतील तर विसावा मिळत नाही आणि दुसरा दिवस आदल्या दिवसाची थकबाकी घेऊनच उजाडतो. लाटेत मृत्यूंची संख्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी चढते, त्यामागे बऱ्याच अंशी हे आहे.

शहरातली घरं इथे घात करतात. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते काही तासांनी खाली सोडतो. वरच्या मजल्यावर संध्याकाळी सातनंतर छताला हात लावून पाहा, तापलेल्या तव्याचा शेक लागतो. पत्रा याच्या उलट वागतो. तो लगेच तापतो आणि लगेच निवतो. त्यामुळे पत्र्याच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दुपारी बाहेर, झाडाखाली किंवा देवळात नेऊन बसवावं. स्लॅबच्या घरातल्याला रात्री गच्चीवर किंवा अंगणात झोपवावं.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छताला पांढरा चुना. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, पावडर सुटू नये म्हणून त्यात थोडा फेविकॉल मिसळायचा आणि गच्ची घासूनपुसून कोरडी केल्यावर दोन हात द्यायचे. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये, पापुद्रे निघतात. आतली खोली २ ते ५ अंशांनी उतरते. एप्रिलमध्ये धूळ बसून चुना मळला की परिणाम कमी होतो, तेव्हा एकदा झाडून धुऊन काढावा. चुना मार्चच्या सुरुवातीलाच द्यावा. वळवाच्या एका सरीत अर्धा वाहून जाईल ही भीती खरी आहे, पण पुढच्या वर्षी पुन्हा द्यायलाही फार खर्च येत नाही. एसीने खोली गार होते हे खरं, पण तो आतली उष्णता गल्लीत फेकतो आणि समोरच्या घराची रात्र आणखी तापते.

कूलर आणि पंखा: कुठे चालतात, कुठे फसतात

कूलर हा मोठा माठच आहे. ओल्या गवतातून कोरडी हवा ओढायची, पाणी वाळवायचं, हवा गार करायची. म्हणून नागपुरात तो १०-१५ अंशांचा फरक पाडतो आणि दादरला नुसतीच ओल वाढवतो. नागपुरातही दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या लावून घेणं. तीच ती दमट हवा पुन्हा ओल्या गवतातून फिरते, तासाभरात वेट बल्ब चढतं आणि खोली चिकट होते. कूलर खिडकीबाहेर हवा आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडं हवं. दुसरी चूक गवताची. बोअरच्या जड पाण्याने गवतावर पांढरे क्षार चढतात, भोकं बुजतात, हवा कोरड्या जागेतून शिरते. गवत दर हंगामाला बदलावं आणि टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासावी, नाहीतर डासांची पैदास होते.

माठाचंही तेच. माठ पाझरतो तोवरच पाणी गार होतं. छिद्रं बुजलेला जुना माठ काथ्याने बाहेरून घासावा, साबण लावू नये.

पंखा नेहमी चांगलाच, हाही एक गैरसमज. खोलीत ४० अंशांहून जास्त तापमान असेल आणि अंग कोरडं असेल तर पंखा भट्टीच्या भात्यासारखा तापलेली हवा अंगावर मारतो. म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो, त्यांना हा धोका जास्त. अंगावर ओला पंचा टाकला किंवा हातापायांवर दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी शिंपडलं की तोच पंखा पुन्हा कामाचा होतो.

‘आमचे आजोबा तर भर उन्हात राबायचे’

खरंच राबायचे. शरीर उन्हाला सरावतं. रोज थोडं थोडं ऊन सोसलं की आठवडा ते दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं आणि रक्ताचं पाणी वाढतं. आजोबांची ही तयारी फाल्गुनापासून होत आलेली असायची. शिवाय ते पहाटे औत धरायचे, उन्हं चढली की सोडायचे आणि दुपारी लिंबाखाली पडायचे. हे वेळापत्रक आपण विसरलो, राबणं तेवढं लक्षात ठेवलं.

सराव नसलेल्या माणसाचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात. गावाहून नुकताच आलेला बिगारी, आजारातून उठून कामावर परतलेला कामगार, दोन आठवडे सुट्टी घेऊन आलेला डिलिव्हरी करणारा मुलगा, हे सगळे त्यात मोडतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या फक्त २० टक्के द्यावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावं, असा औद्योगिक सुरक्षेतला नियम आहे. मार्चमधली लाट मे महिन्यातल्या तेवढ्याच पाऱ्याच्या लाटेपेक्षा जास्त बाधते, तीही याच कारणाने. अंग अजून सरावलेलं नसतं.

खिशातल्या कांद्याबद्दलही विचारलं जातं. खिशात ठेवलेल्या कांद्याने शरीराचं तापमान उतरत नाही. डोक्याला गुंडाळलेल्या ओल्या पंचाने मात्र नक्की उतरतं.

पाणी किती, मीठ किती

उन्हात काम करताना तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे तासाला पाऊण लिटर. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, भान हरपतं, झटकेही येऊ शकतात. आणि ही लक्षणं उन्हाची वाटून माणसाला आणखी पाणी पाजलं जातं. दोन-तीन तासांहून जास्त घाम गाळायचा असेल तर मधूनमधून मीठ घातलेलं ताक, पन्हं, लिंबू सरबत किंवा ओआरएस हवं आणि सोबत वेळेवर जेवण हवं.

ओआरएसच्या मोठ्या पुडीत २०.५ ग्रॅम पावडर असते आणि ती पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. एका पेल्यात अख्खी पुडी घोळून देणं ही नेहमीची चूक, आणि लहान मुलाच्या बाबतीत ती धोक्याची. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर पाणी वाढवा. डॉक्टरांनी पाणी किंवा मीठ मोजून घ्यायला सांगितलेल्या हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रमाण त्यांनाच विचारून ठरवावं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, सर्दीच्या आणि मानसिक आजारांच्या काही गोळ्या शरीराची गार होण्याची ताकद कमी करतात. त्या मनाने बंद करायच्या नाहीत, उन्हाळ्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्यायच्या.

एक गोष्ट फार कमी बोलली जाते. बांधकामावर, शेतात, बाजारात काम करणाऱ्या कितीतरी बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण जवळ स्वच्छतागृह नसतं. तिथे पाण्याचा जार ठेवून काम भागत नाही.

उष्माघात झालाच तर

थकवा, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, डोकं गरगरणं ही आधीची पायरी. माणसाला सावलीत आणा, पाय थोडे वर ठेवा, घोट घोट ओआरएस द्या. पण तो असंबद्ध बोलू लागला, चिडला, झोकांड्या खाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात, असं समजूनच वागा. ‘अंग कोरडं पडलं तरच उष्माघात’ हे जुनं सूत्र फसवं आहे. कष्टाचं काम करताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असतं.

१०८ ला फोन करा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका. आधी गार करा, मग न्या. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं तर माणूस वाचण्याची शक्यता फार मोठी असते. बूट, शर्ट, पट्टा काढा. डोक्यापासून पायांपर्यंत पाणी ओता आणि वारा घाला. पुठ्ठा, सूप, पदर, जे हाताशी असेल त्याने, न थांबता. पाणी बर्फासारखंच हवं असं नाही, विहिरीचं किंवा नळाचंही चालेल, फक्त अंग सतत ओलं आणि वारा सतत हवा. बर्फ असेल तर फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत. हवा दमट असेल तर वाऱ्यावर भिस्त ठेवू नका, पाण्याचं प्रमाण वाढवा.

तरण्या मजुराला किंवा धावपटूला झालेल्या उष्माघातात ताडपत्रीची रीत फार उपयोगी पडते. माणसाला ताडपत्रीवर निजवायचं, चौघा-पाचजणांनी कडा धरून झोळी करायची, आत बादल्या बादल्या पाणी आणि मिळेल तेवढा बर्फ ओतायचा आणि झोळी सावकाश हलवत राहायची. एकाने फक्त डोकं आणि तोंड पाण्याबाहेर धरायचं, दुसरं काम त्याला द्यायचं नाही. शेतात ताडपत्री असते, बांधकामावर असते, मांडववाल्याकडेही असते.

शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉल देऊ नका. तापात शरीराने गिझरचा काटाच वर नेऊन ठेवलेला असतो आणि ही गोळी तो काटा खाली आणते. उष्माघातात काटा ३७ वरच असतो, पाणी बाहेरच्या आगीने उकळत असतं. गोळीने ती आग विझत नाही, वर ताणात असलेल्या यकृतावर भार पडतो.

मग मृत्यूंचे आकडे इतके कमी कसे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशभरात उष्माघाताचे ७३० मृत्यू आहेत. त्याच वर्षी अंगावर वीज पडून २,८८७ गेले. यावरून ऊन विजेपेक्षा सौम्य असं वाटेल. पण विजेचा बळी लगेच ओळखू येतो. उन्हाचा बळी दाखल्यावर हृदयविकार, पक्षाघात किंवा मूत्रपिंड निकामी होणं या नावांनी जातो. दोन रात्री न झोपलेला सत्तरीचा हृदयरोगी तिसऱ्या पहाटे गेला, तर तिथे ‘उष्णता’ लिहिणार कोण?

म्हणून दुसरी रीत वापरतात. लाटेच्या दिवसांत एकूण मृत्यू किती झाले आणि एरवी त्याच दिवसांत किती होतात, यातला फरक काढायचा. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला होता. त्या महिन्यातले सगळे मृत्यू मोजले तेव्हा नेहमीपेक्षा १,३४४ जास्त निघाले, म्हणजे ४३ टक्के वाढ. हा हिशेब समोर आल्यावर २०१३ साली तिथे उष्णता कृती आराखडा झाला. दक्षिण आशियातल्या शहरांत तो पहिला. लाटेचा अंदाज येताच दवाखान्यांना आणि १०८ ला आधीच निरोप, बागा दुपारी उघड्या, पाण्याची सोय, कामगारांना सूचना, वस्त्यांमधल्या छतांना पांढरा रंग. यातलं काहीच फार खर्चाचं नाही.

पण अहमदाबादच्या कोरड्या हवेसाठी ठरवलेली पाऱ्याची पातळी मुंबई, पणजी किंवा रत्नागिरीला जशीच्या तशी लावली तर इशारा कधी वाजणारच नाही. तिथे ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेलाच मैदानावरचा कार्यक्रम, भरतीची धावण्याची चाचणी आणि स्लॅब टाकण्याचं काम सकाळी नऊच्या आत आटोपायला हवं, नाहीतर दिवस मावळल्यावर ठेवायला हवं. प्रत्येक महापालिकेने आपल्या गावातली गेल्या दहा-पंधरा वर्षांतली रोजची मृत्युनोंद रोजच्या तापमान-आर्द्रतेशेजारी मांडली, तर मृत्यू कुठल्या आकड्यापासून चढू लागतात ते दिसेल. ती मृत्युनोंद पालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात असते आणि तापमान-आर्द्रतेची नोंद हवामान खात्याकडे.